कपाटातल्या अकरा कवळ्या

कवळीवाल्यांना मी ओळखत होतो असं म्हणायला संकोच वाटतो. वरच्या दातांचं माप दिलं तेव्हापासून कवळी मिळेपर्यंतच्या फेऱ्या आणि नंतरच्या दोन-चार भेटी, एवढीच ओळख. पुढचं बरंचसं त्यांच्या बायकोनं सांगितलेलं, थोडं त्यांनी स्वतः.

हात त्यांचा सोन्यासारखा. हिरड्यांचं माप घ्यायचं, प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, यात ते तहानभूक विसरत. पण कवळी साच्यातून बाहेर आली की घोडं अडायचं. कडा घासणं आणि पॉलिश, एवढंच राहिलेलं असे. ते नेमकं कंटाळवाणं. मग "पाच मिनिटं पाठ टेकतो," म्हणत खाटेवर आडवे होत, आणि उठले की नव्या गिऱ्हाईकाचं माप घेत.

"तुमच्या पाच मिनिटांत कॅलेंडरचं पान उलटतं," बायको म्हणायची.

"अगं, झालीच आहे ती. फक्त घासायची राहिलीय."

अशा 'झालेल्या' अकरा कवळ्या काचेच्या कपाटात पडून होत्या. त्यातली एक मावशीची. आई गेल्यावर या मावशीनंच त्यांना वाढवलं, वाचायला शिकवलं. चर्चमध्ये दर रविवारी शास्त्रपाठ वाचायचा मान तीस वर्षं तिचा होता. दात गेले आणि शब्द फुसफुसायला लागले, तशी तिनं वाचन सोडलं. हळूहळू बोलणंही. पाव पाण्यात भिजवून खायची आणि तोंडाला रुमाल लावून खिडकीशी बसायची. पाच महिने झाले. भाच्याला दाताच्या कण्या करून सांगायला तिच्यापाशी दात तरी कुठे होते?

"ती अशीच मिटत जाईल हो," बायको एकदा रडवेली होऊन म्हणाली. कवळीवाले कूस बदलून म्हणाले, "या आठवड्यात नक्की."

त्याच आठवड्यात पाळकांनी मावशीच्या जागी वाचायला कोण, असं विचारलं. मावशीनं रुमालाआडून भाच्याकडे बोट दाखवलं. पाठ आधी घरी वाचून जावा, तर तेवढाही उरक नाही. रविवारी ते सरळ पुढे गेले आणि खूण घातलेलं पान उघडून वाचू लागले. नीतिसूत्रं होती. आवाज छान लागला होता. आणि मध्येच एक वचन आलं: आळशी माणूस शिकार धरतो, पण भाजत नाही.

ते थबकले. मागच्या बाकावरून म्हातारा टपालवाला, कपाटातल्या एका कवळीचा मालक, बोळक्या तोंडानं म्हणाला, "आणि घाशीतपण नाही!"

सगळे हसले. बरेच जण तोंडावर हात धरून हसले, कारण त्यांचेही दात त्याच कपाटात. मावशी तेवढी हसली नाही. लहानपणी भाचा वाचताना अडखळला की ती जशी पुढे झुकायची, तशीच झुकून, काळजीनं बघत राहिली.

"आळशी म्हणजे शिकारीलाच न जाणारा, असं मी समजत होतो," ते मला पुढे म्हणाले. "मी तर रोज जात होतो."

घरी येऊन त्यांनी कोट खुंटीला लावला आणि घासायच्या यंत्रापाशी बसले.

"जेवून घ्या ना."

"आधी मावशीचं."

ऊन उतरायच्या आत मावशीच्या तोंडात कवळी बसली. तिनं दोनदा दात मिटून पाहिले. मग टपालवाल्याला एक खणखणीत शिवी दिली, बहुधा पाठ वाचणाऱ्या बाईला न शोभणारी. बायको हसता हसता रडायला लागली. पुढच्या रविवारी मावशीचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. बाहेर येताना कवळीवाल्यांनी असा श्वास सोडला, जणू पाच महिने कुणीतरी छातीवर बसलं होतं.

उरलेल्या दहा कवळ्या त्यांनी अठरा दिवसांत हातावेगळ्या केल्या. माझी सातवी. तोवर नवं माप घेतलं नाही. आळस काही पळून गेला नाही. खाट तिथेच होती आणि दुपारी ते पाठ टेकतच, पण घासून झाल्यावर.

ते मुलीकडे कायमचे राहायला जाण्याआधी मी एकदा गेलो होतो. सामान बांधायचं चाललं होतं.

"टोचतंय कुठे?"

"डावीकडे, मागे."

त्यांनी यंत्र पुन्हा जोडलं, कड घासली, कवळी धुऊन हातात दिली.

"आता?"

"आता नाही टोचत."

"बरं झालं. या मग."