उपासाचं जे असेल ते

मिशनच्या शाळेत मुलांपेक्षा सूचना जास्त होत्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला सिस्टर फळ्यावर पुढच्या आठवड्याच्या सूचना लिहायच्या. आम्ही त्या वहीत उतरवायच्या, घरी मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि खाली वडीलधाऱ्यांची सही घेऊन यायचं. ‘नखे सोमवारी कापलेली असावीत.’ ‘डोक्यास तेल बेताने लावावे, ते वह्यांवर उतरते.’ ‘शाळा साडेदहाला भरते, याचा अर्थ साडेदहाला भरते.’ सिस्टर होत्या गोऱ्या, मराठी शिकल्या होत्या नागपुराकडे आणि तीही पुस्तकातून. त्यामुळे लिहायच्या अगदी छापल्यासारखं, आणि बोलताना निम्मी हिंदी मिसळायची. ते आम्हा बुऱ्हाणपूरकरांच्या अंगवळणी पडलेलंच होतं.

आमच्या घरी वडीलधारी म्हणजे आत्या. आई मला आठवत नाही. वडील कापसाच्या जिनात कारकून. भल्या सकाळी जायचे आणि दिवेलागणीला कपाशीची पिंज अंगावर घेऊन परत यायचे. घर चालायचं ते आत्याच्या शब्दावर. आत्या अकराव्या वर्षी विधवा झालेली, केशवपन केलेली, लाल अलवणातली, सोवळ्याओवळ्यात भारी कडक. शाळेतून आले की अंगणातच मला कपडे बदलावे लागत, मग घरात पाऊल. मला त्या शाळेत घालायला तिनं हो म्हटलं होतं ते एका अटीवर: आपल्या धर्माला हात लावणारा एक जरी कागद शाळेतून आला, तर त्या दिवशी शाळा बंद. वडिलांनी ती अट मान्य केली होती. माझे वडील बहिणीच्या सगळ्याच अटी मान्य करायचे.

मला शाळा सोडायची नव्हती. दुसरं काही नाही, मला वाचायचं वेड लागलं होतं, आणि घरात वाचण्यासारखं म्हणजे फक्त पंचांग. म्हणून मी सूचना वाचायचे, पण जशाच्या तशा नाही. आत्याला अक्षर येत नव्हतं, सहीच्या जागी ती काजळीचा अंगठा उठवायची. ‘प्रार्थना’ आली की मी ‘कवायत’ वाचायचे. नाताळच्या सुट्टीची सूचना मी ‘साहेबाच्या वाढदिवसाची सुट्टी’ म्हणून वाचली.

“वाढदिवसाला दहा दिवस सुट्टी?” आत्या म्हणाली.

“मोठा साहेब आहे,” मी म्हटलं. यात मी खोटं काय बोलले ते अजून मला कळलेलं नाही.

असं दीड वर्ष बिनबोभाट चाललं. मग फाल्गुनातल्या एका शनिवारी फळ्यावर आलं: ‘येत्या शुक्रवारी आमचा उपवास आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी तो करावा, आणि उपवासाचे जे असेल ते अनाथालयातील मुलांसाठी शाळेत आणावे.’

हा तर सरळसरळ धर्माचा कागद. वाक्य गाळावं म्हटलं, तर शेजारच्या पोरीच्या वहीतही तेच होतं आणि तिची आई दिवसातून चार वेळा आमच्या ओट्यावर बसायची. शेवटी डोळे मिटून मी ते खरं खरं वाचून टाकलं.

आत्या तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“उपास? ते लोक उपास करतात?”

“करतात.”

“शुक्रवारी? कोण्या देवीचा वं?”

“देवीचा नाही. देवाचा.”

“देवाचा अन् शुक्रवारी,” आत्या म्हणाली आणि तांदळाचं ताट बाजूला सारलं. मी आपली वाट पाहत होते की आता ती उठेल आणि माझी पाटी फळीवर ठेवून देईल. ती उठली ती थेट ओट्यावर गेली आणि शेजारणीला हाक मारली. “ऐकलं का वं? मिशनमध्ये शुक्रवारी उपास आहे. उपासाचं मागवलंय त्यांनी, पोरांसाठी. अनाथ लेकरं आहेत, चांगलंचुंगलं द्या.”

आता इथं सांगायला हवं की सिस्टरांचा हिशेब निराळा होता. एक वेळ जेवायचं नाही आणि ते वाचलेलं धान्य, म्हणजे मूठभर ज्वारी किंवा पसाभर तांदूळ, गरिबांना द्यायचं, असा त्यांचा उपवास. पण मराठी माणसाला ‘उपासाचं’ म्हटल्यावर काय दिसतं? ते पुस्तकात कुठं असणार!

आमच्या गल्लीत आत्याचा शब्द म्हणजे उपासातला शेवटचा शब्द. हळद चालते का, कोथिंबीर चालते का, हे बायका तिला विचारूनच ठरवत. त्या आठवड्यात तिच्याकडे रांग लागली. शुक्रवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात भगरीचं पातेलं आलं, दाण्याची आमटी आली, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे लाडू, तुपात परतलेली रताळी. जवळच्या निंबोला गावातल्या एका शेतकऱ्यानं बैलगाडीतून केळीचे तीन घड पाठवले आणि वर निरोप दिला की आणखी लागले तर लाजू नका. अनाथालयातली पोरं पानं मांडून बसली. एवढं तर त्यांनी नाताळातही पाहिलं नव्हतं. आम्हीही बसलो, कारण आमचा उपास होता.

सिस्टर सकाळपासून पाण्यावर होत्या. त्या दारात उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. एका मुलीनं त्यांना आपुलकीनं म्हटलं, “सिस्टर, शिरा घ्या ना, उपासाचाच आहे.” त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच सूचना होती. ‘उपवास म्हणजे अन्न न घेणे. काही कुटुंबांस हे ठाऊक नसल्याचे दिसून आले.’

ही सूचना मी गाळायला हवी होती. पण त्या दिवशी पोट बिघडलं होतं, डोकं चालत नव्हतं, आणि मी ती घडाघडा वाचून मोकळी झाले.

आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “ठाऊक नाही? मला ठाऊक नाही?” सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, यांतलं एकही न चुकवणारी बाई ती. “मला उपास शिकवते काय ती मिशनवाली? चल. आजच नाव काढून आणते तुझं.”

वाटेत मी रडून पाहिलं, पाय दुखतो म्हणून पाहिलं. आत्यानं मागं वळूनही पाहिलं नाही.

सिस्टर टेबलाशी वह्या तपासत होत्या. आत्या खुर्चीला शिवेना, उभीच राहिली. पाहुणी उभी आहे म्हटल्यावर सिस्टरही उठून उभ्या राहिल्या. तशा त्या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि आत्यानं बोटांवर आपले उपास मोजून दाखवले. दोन्ही हातांची बोटं संपली.

“और आप?” आत्यानं मुद्दाम हिंदीत विचारलं.

“चाळीस दिवस,” सिस्टर म्हणाल्या. “एकच वेळ जेवण.”

“सलग?”

“सलग.”

आत्यानं मोजणारी बोटं मिटली. हे तिला अपेक्षित नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून वारा आला, सिस्टरांच्या डोक्यावरचं कापड कानापाशी हललं आणि आतले बारीक कापलेले केस दिसले. आत्याची नजर तिथं खिळली. मग ती पांढऱ्या झग्यावरून खाली गेली. आत्याचा आवाज एकदम उतरला.

“बाई, तुमचे यजमान?”

सिस्टरांना शब्द कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नवरा, सिस्टर,” मी पुटपुटले.

सिस्टर प्रसन्न हसल्या. हा प्रश्न त्यांना आवडलेला दिसला. “माझा नवरा स्वर्गात आहे,” त्या म्हणाल्या.

“अरे देवा,” आत्या म्हणाली. “किती वर्षांच्या होतात?”

“उन्नीस.”

सिस्टरांनी आपल्याला प्रभूला वाहून घेतलंय, हे आम्हा सगळ्या पोरींना माहीत होतं. वर्गात त्यांनीच सांगितलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं. आणि मिटलं. एका वाक्यात सगळा उलगडा झाला असता, आणि त्याच वाक्यात माझं नाव पटावरून गेलं असतं. मी आठ वर्षांची होते, पण एवढा हिशेब मला येत होता. लाज वाटली ती पुष्कळ नंतर.

आत्या टेबलावरच्या वह्यांकडे पाहत होती. “अन् हे लिहिणं? ही मराठी? हे कधी शिकलात?”

“हे? हे सगळं नंतर.”

“नंतर?” आत्यानं पुन्हा विचारलं. “यजमान स्वर्गात, अन् त्याच्या नंतर?”

“हो, हो. नंतर. सगळं नंतर शिकली मी.”

“शिकू दिलं?”

सिस्टरांना हा प्रश्न काही समजला नसावा, पण त्यांनी जोरात मान हलवली.

नाव काढायचा विषय निघालाच नाही. सिस्टर दारापर्यंत पोचवायला आल्या. आत्यानं त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि आम्ही तापीच्या बाजूच्या रस्त्यानं घराकडे निघालो. मी तिच्याबरोबर अक्षरशः पळत होते, तिच्या मनात पुन्हा काही यायच्या आत घर गाठावं म्हणून. पण आत्याची चालच मंदावली. शेवटी ती रस्त्यातच थांबली.

“काय वं, कितव्या वर्षी सुरू केलं म्हणाली ती लिहायला?”

सिस्टर तसं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

“छत्तिसाव्या,” मी म्हटलं.

आत्याला तेव्हा छत्तिसावं चालू होतं.