अक्काच्या शेडमधला पंखा

आमच्या अक्काच्या शेडमध्ये पंखे वारले, ते एकापाठोपाठ एक.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नव्वदच्या दशकात बेंगळुरूमध्ये जो तो चांगली नोकरी शोधत होता, तेव्हा हिने कपड्यांच्या कारखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि राजाजीनगरात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टी-शर्ट छापायला घेतले. छापलेले शर्ट वाळवायला तिने एक कन्व्हेयर ड्रायर आणला. सरकत्या पट्ट्यावर ओला शर्ट ठेवायचा. तो तापलेल्या बोगद्यात शिरायचा आणि पलीकडून वाळून बाहेर यायचा. अण्णा (म्हणजे आमचे वडील) पहिल्या दिवशी तासभर हात जोडून ते बघत बसले होते.

अडचण एकच होती. शर्टाबरोबर बोगद्यातून धूरही यायचा. असा उग्र, की डोळ्यांतून पाणी! तो बाहेर ओढायला भिंतीत पंखा बसवला, तर गरम हवेने त्याची प्लास्टिकची पाती भाजलेल्या पापडासारखी वळली. मग लोखंडी पात्यांचा आणला, तर धुरात बसून त्याची मोटर जळली. त्यानंतरचा नुसताच गुरगुरायचा. एक दिवस तोही थांबला.

"आता एकदाच काय तो टिकाऊ पंखा आणायचा," अक्का म्हणाली.

"मी आणतो," मी म्हणालो. (मी विमा कंपनीत कारकून होतो, पण पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स घेतलं होतं, आणि घरात तेवढं पुरत असे.)

"नीट ऐक, वसंता. पाती पोलादी हवीत. मोटर गरम धुराच्या बाहेर हवी. आणि मुख्य म्हणजे ओढ बेताची हवी. फार ओढणारा आणलास तर—"

"कळलं गं! टिकाऊ हवा," असं म्हणून मी निघालोसुद्धा.

शिवाजीनगरात जुन्या यंत्रांच्या गल्लीत एका दुकानामागे मला तो दिसला, आणि मी जागीच थांबलो. पंखा कसला, हत्तीएवढी गोगलगाय होती ती! एका बाजूला आ वासलेलं गोल तोंड, दुसऱ्या बाजूला धुराड्यासारखी सोंड, आत वीतभर रुंद पोलादी पाती, आणि मोटर पार बाहेर, पट्ट्याने जोडलेली. मी तोंडात डोकं घालून "ओ" म्हणालो. आतून कितीतरी वेळ "ओ ओ ओ" येत राहिलं.

"कॉफी के कारखाने का है, साब," दुकानदार म्हणाला. "छिलके खींचता था. कारखाना बंद हो गया, इसकू कुच नै हुआ!"

"टिकेल ना?"

"टिकेगा? आप नै टिकेंगे, साब. ये टिकेगा."

माणसाला आयुष्यात यापेक्षा मोठी खात्री काय हवी?

लगेज-ऑटोवाल्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि अदबीने विचारलं, "इदु एनु सार, विमाना?" (हे काय साहेब, विमान?) घरी पोचेपर्यंत मागे पोरांची ही रांग. तेव्हा अक्का कापड आणायला गेली होती. ती येईपर्यंत मिस्त्रीने भिंत फोडून पंख्याचं तोंड आत आणि धूड बाहेर असं चिणूनही टाकलं होतं. पंखा सुरू करायचं बटण मी मुद्दाम बाहेरच्या भिंतीवर बसवून घेतलं. (सुरक्षेसाठी! फिजिक्स!)

अक्का आली. तिने पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पंख्याकडे पाहिलं.

"वसंता, आपण कॉफी नाही रे विकत."

"अगं, पण पाती बघ!"

ती आणखी काही बोलणार, तोच फाटकाशी रिक्षा थांबली. शाळेच्या हेडमिस्ट्रेस! त्यांच्या क्रीडादिनाचे पिवळे शर्ट अक्का छापत होती, ते बघायला त्या आल्या होत्या. छातीवर डरकाळी फोडणारा वाघ. तिची ती पहिली मोठी ऑर्डर. ती बिघडली, तर पुन्हा कारखान्यात हात जोडून जायचं, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

ओल्या शर्टांवर धूळ बसू नये म्हणून शेडच्या खिडक्या गच्च बंद होत्या. मॅडम, अक्का आणि मी आत गेलो, दार लावलं. पट्ट्यावर वाघांची रांग लागली. मी ओरडलो, "अण्णा, बटण दाबा!"

अण्णांनी आधी पंख्याला कुंकू लावलं, मग बटण दाबलं.

सुरुवातीला नुसतं "हूं" ऐकू आलं. मग धूर गेला. खरंच गेला! बघता बघता हवा अशी स्वच्छ, की जणू नंदी हिल्सवर उभे आहोत.

"ब्यूटिफुल!" मॅडम म्हणाल्या.

"टिकाऊ आहे," मी नम्रपणे म्हणालो.

आणि पहिला वाघ उठला. पट्ट्यावरून अलगद उठला, बाह्या पसरून हवेत तरंगला आणि पंख्याच्या तोंडात फट्‌ करून नाहीसा झाला. मागोमाग दुसरा, तिसरा, मग कळपच! कॉफीची टरफलं गिळायला बनवलेलं ते जनावर, त्याला शर्टांचं काय? मॅडमचा पदर ताठ आडवा उभा राहिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे विस्फारून एवढंच म्हणाल्या, "देवरे!"

मी दाराकडे धावलो. दार बाहेर उघडणारं, आणि पंखा सगळी हवा ओढून घेत होता. बाहेरच्या हवेच्या दाबाने ते जागचं हलेना. मी खांदा लावला. मॅडमनीही लावला.

"अण्णा! बंद करा!"

बाहेर अण्णांना काय ऐकू येणार? ते सोंडेपुढे उभे होते. धोतर फडफडतंय, आणि सोंडेतून एकेक पिवळा शर्ट त्यांच्या अंगावर येतोय. त्यांना वाटलं, यंत्राची हीच पद्धत! ते प्रत्येक शर्ट भक्तिभावाने झेलत होते आणि छान घडी घालून रचत होते.

आत अक्काने मात्र एकदा दाराकडे पाहिलं, शांतपणे खिडकीशी गेली आणि काचेच्या पट्ट्या उघडणारा दांडा खाली ओढला. सूंऽऽ करून वारा आत घुसला. त्याच क्षणी दार उघडलं, आणि त्याला टेकलेले मी आणि मॅडम थेट अंगणात! मी खाली, मॅडम वर.

अण्णा आनंदाने म्हणाले, "वसंता, अरे काय यंत्र आहे! घडीपुरतं तेवढं माणूस लागतं, बाकी सगळं आपोआप."

अक्काने आधी पंखा बंद केला, मग वरची घडी उलगडली. शाई ओलीच होती. प्रत्येक वाघाचं अर्धं तोंड दुसऱ्या अर्ध्यावर उमटलेलं. डरकाळी फोडण्याऐवजी ते सगळे जांभया देत होते.

"ओढ जास्त झाली की धुराबरोबर उष्णताही जाते," अक्का हळूच म्हणाली. "मग शाई वाळत नाही. हेच मघाशी सांगत होते."

मी मॅडमकडे बघायचं धाडस केलं. त्या केस सावरत पंख्याकडे टक लावून बघत होत्या.

"एवढ्या गोंधळात तुम्ही खिडकी शोधलीत," त्या अक्काला कन्नडमध्ये म्हणाल्या. "माझ्या शाळेत नुसती घंटा बिघडली, तरी सगळे शिक्षक ओरडत सुटतात. शर्ट पुन्हा छापा. स्वल्प उशीर झाला तर चालेल."

अक्काने ते पुन्हा छापले. दारं-खिडक्या सताड उघडी, नाकाला ओले रुमाल, आणि शर्टांवरची धूळ झटकायला मी. क्रीडादिनाला मैदानभर वाघ डरकाळ्या फोडत धावले. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवशी तिथे धूर नव्हता. पुढे त्या शाळेची ऑर्डर दरवर्षी येत राहिली.

त्यानंतर अक्का नवा पंखा घ्यायला शिवाजीनगरात निघाली, तेव्हा म्हणाली, "वसंता, तूही चल. तुझ्याशिवाय नाही जमायचं."

मला भरून आलं. चला, म्हणजे फिजिक्सवरचा विश्वास उडालेला नाही! दुकानात मी ऐटीत पुढे झालो. अक्काने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुकानदाराला सांगितलं,

"भाई, हा माझा भाऊ. याला आवडतील ते सगळे पंखे आधी बाजूला काढा. उरतील त्यांतला मी घेते."

मी अगदी मन लावून निवडले.