सुरुवात तर बरोबर होती

माझा नवरा देवव्रत वेलिंग्टनच्या एका ऑफिसात सर्व्हरचं काम करतो. मागितलेली फाइल माणसाला द्यायची की नाही, हे त्याचा प्रोग्रॅम ठरवतो. फाइलच्या पत्त्यात दोन टिंबं आली की सर्व्हर एक फोल्डर मागे सरकतो. म्हणजे ‘फोटो’ फोल्डरपासून सुरुवात करून लबाड माणूस पगाराच्या कागदांपर्यंत पोचू शकतो. म्हणून देवव्रतचा नियम: आधी आख्खा पत्ता सरळ करून बघा, मग हो म्हणा. त्याच्या हाताखालच्या वरुणनं एकदा पत्त्याची नुसती सुरुवात तपासली. पकडल्यावर तो “सुरुवात तर बरोबर होती” म्हणाला. देवव्रतनं केलेली त्याची नक्कल आम्ही आठवडाभर जेवताना ऐकली.

शनिवारी आमच्या बारा वर्षांच्या सिद्धीनं बापाला इंग्रजीत मेसेज केला: नीतामावशीकडे जाऊ का, तिथून तिच्या मागच्या गेटनं बाहेर, तिथून नदीवर पोहायला? नदीवर एकटीनं जायला घरात सक्त मनाई आहे. देवव्रतनं लगेच होकाराचा अंगठा पाठवला.

तासाभरानं नीताचा फोन आला, “सिद्धी मागच्या गेटनं निघाली, तुमच्याकडे पोचली ना?” ते गेट नदीकडे उघडतं. मी तशीच पायातल्या जँडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर, नदीवर धावले. बाईसाहेब पोहायचे टॉग्ज घालून निवांत डुंबत होत्या. घरी आणून बाप-लेकीला समोरासमोर बसवलं.

“बट बाबा सेड येस,” सिद्धी म्हणाली.

देवव्रतनं मेसेज उघडला. शेवटपर्यंत वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“सुरुवात तर बरोबर होती,” तो म्हणाला.