टटलियम

पॅटरसन गावात बुटांच्या दुकानात ऑरिन टटल गिऱ्हाइकांच्या पायात बूट घालायचा आणि रात्री विज्ञानकथा लिहायचा. त्याने एक मूलद्रव्य शोधलं होतं. कागदावर, अर्थात. नाव टटलियम, आणि गुण एकच: सोडलं की वर पडायचं. पाच कथा झाल्या, पण मासिकाच्या मुखपृष्ठावर नाव काही येईना.

एकदा संपादक सीगल यांनी बोलावून चित्रच पुढ्यात टाकलं. या मासिकांची रीतच उलटी; आधी चित्र रंगवून घ्यायचं, मग त्यावर कथा बेतायची. "सोमवारपर्यंत दे, टटल. मुखपृष्ठ तुझं. नाहीतर दुसरा तयार आहे."

चित्रात प्रयोगशाळा होती, शास्त्रज्ञ होते आणि टेबलावर टटलियमचा गोळा वांग्यासारखा निवांत पडला होता.

ऑरिन घरी आला तो तोंड पाडूनच. बायको व्हायोला बटाटे सोलत होती. तिने चित्र पाहिलं.

"हा तर वर पडतो ना? मग टेबलावर कसा?"

"तेच तर. वाचक पत्रांनी सोलून काढतील."

"बांधून ठेव."

"दोरी कुठाय चित्रात?"

"मग चित्र उलटं छाप."

ऑरिन हसला, मग हसता हसता थांबला. चित्र उलटं कशाला, खोलीच उलटी करू. टेबल छताला उलटं, माणसंही छताला उलटी, बुटांना टटलियमचे तळ; गोळा वर पडून टेबलावरच टेकणार. बुटांचं दुकान काही फुकट गेलं नव्हतं. तो लगेच लिहायला बसला.

"आणि ही कॉफी?" व्हायोलाने चित्रातल्या कपावर सुरी टेकवली. "ती खाली सांडायला नको?"

"कॉफीतही टटलियम घालतो."

"म्हणजे हे लोक टटलियम पितात?"

"पितात. मग बूटही नकोत. माणूस आतूनच वर पडतो."

बुटांचं एवढं आवडतं वाक्य त्याने खोडलं, जरा जड मनानेच.

सीगलनी सोमवारी कथा वाचली, चिरूट विझेपर्यंत हसले आणि छापली. मुखपृष्ठावर ठळक अक्षरात ऑरिन टटल. दुकानाच्या मालकाने अंक बुटांच्या शेजारी काचेत मांडला. व्हायोलाने शेजारच्या साऱ्या बायकांना तो दाखवून आणला, दोघींना दोनदा.

पुढच्या अंकात वाचकांची पत्रं आली. विज्ञानाबद्दल एकाचीही तक्रार नव्हती. विचारलं होतं सगळ्यांनी एकच: एवढी कॉफी प्यायल्यावर ही मंडळी लघवीला जातात कुठे, आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं?

ऑरिनने त्यावर सातवी कथा लिहायला घेतली. व्हायोला म्हणाली, "याचं चित्र मात्र सीगलना आधी काढून घेऊ देऊ नकोस."