क्लीटसमामाची किंचाळणारी मोटर

क्लीटसमामा बसत नाही. आई म्हणते, तो जन्मला तेव्हाही सुईणीच्या हातातून निसटून निघाला होता. उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि माशाचं कालवण तो अंगणात येरझाऱ्या घालत खातो. रविवारी चर्चमध्ये दाराशी उभा राहतो, कारण तिथून समुद्र ऐकू येतो. सगळे 'आमेन' म्हणतात तेव्हा मामा पुटपुटतो, "दुसरी लाट आज जड फुटतेय."

दुसऱ्या लाटेचं त्याला वेड लागायला कारण होतं. आमच्या किनाऱ्याला धक्का-बिक्का नाही. होडी वाळूवरून ढकलायची, पहिल्या लाटेत उड्या मारून चढायचं, मोटर पाण्यात सोडायची आणि दुसरी फुटायच्या आत तिच्यावरून पार व्हायचं. तेवढ्यात मोटरीने दगा दिला तर होडी आडवी होते. आडवी झाली की उलटते.

मामाने या वर्षी फायबरची होडी घेतली, आणि तेव्हापासून मोटर नेमकी तिथेच दगा द्यायला लागली. घुर्रर्र करत निघायची छान. लाटेवर चढायला लागली की ईईईईई! पंखा पाण्याऐवजी हवा कापायचा आणि होडी जागच्या जागी. एकदा तर अर्धी होडी पाण्याने भरली, केरोसीनचा डबा तरंगत किनाऱ्याला लागला आणि मामा त्याच्यामागून.

होडीवर त्याच्यासोबत दोघं असायचे. मामीचा भाऊ लूर्दय्यन, आणि लूर्दय्यन म्हणेल त्याला मान हलवणारा पियादासन. लूर्दय्यन नाकातून बोलतो आणि प्रत्येक वाक्य ओल्या जाळ्यासारखं ओढतो. "अळियाऽऽ," मेव्हण्याला आमच्याकडे हीच हाक, "बायकोनं मला मासे आणायला पाठवलंय, फुलं वाहून घ्यायला नाऽऽही. शुक्रवारी ही बया परत किंचाळली, तर मी आणि हा, दोघं जोसफातच्या होडीवर."

पियादासनने मान हलवली.

मामाचा चेहरा उतरला. माणसं गेली की होडीचं काय होतं ते आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. वाळूवर उपडी पडून राहते आणि तिच्याखाली कोंबड्या राहायला येतात.

मग मामा मोटरीच्या उंचीमागे लागला. मोटर होडीच्या मागच्या फळीवर स्क्रूने आवळलेली असते. खाली ठोकळा घातला की ती वर जाते, काढला की खाली येते. मामा सकाळी ठोकळा घालायचा, दुपारी काढायचा. वर घेतली की ईईईई. खाली घेतली की किंचाळणं कमी, पण होडी गाभण म्हशीसारखी चालायची आणि मागून पाण्याचा फवारा थेट लूर्दय्यनच्या मानेवर. वाळूवरचे सगळे जाळी विणायची सोडून सल्ले द्यायला जमले. तोबियासआजोबांच्या तोंडात दात नाहीत, तेव्हा ते, "वल घे ले, वल!" जोसफात निवडणुकीच्या भोंग्यासारखा, "खाली! मी सांगतो ना, अजून खाली!" आणि हे सांगताना त्याचा हात लूर्दय्यनच्या खांद्यावर.

बुधवारी मामीचा आवाज आला. ब्रिजितमामी बाजारात मासे विकते, तिचा आवाज दोन गल्ल्या ओलांडतो. "अहो मोटरवाले! माझा मासे कापायचा पाट कुठाय?"

पाट मोटरीखाली होता. तो बरोबर मधल्या जाडीचा होता ना!

"घाल, माझं पातेलंही घाल त्याच्याखाली! नाहीतर तूच बस, एकदाचा बसशील तरी!"

पाट घालूनही मोटर किंचाळली.

गुरुवारी दुपारी समुद्र जरा मऊ होता. मामाने दोघांना कसंबसं होडीवर चढवलं आणि वल्ही मारत लाटांपलीकडे नेलं. तिथे म्हणाला, "पियादासन, मोटर चालव. अळिया, माझे पाय धर."

"का?"

"मी खाली बघतो."

"अळियाऽऽ, तुझं डोकं गेलंय ते कळलं होतं, पण ते पाऽऽण्यात गेलंय हे—"

मामा तोवर कडेवरून लटकला होता. कमरेपर्यंत होडीत, बाकीचा समुद्रात, लुंगी लूर्दय्यनच्या तोंडावर. पियादासनने मोटर वाढवली. मामा वर आला, दोनदा खोकला, परत गेला. लूर्दय्यन पाय धरून सगळ्या संतांना एकेक करून हाका मारत होता.

मामा वर आला आणि चक्क खाली बसला. मामा आणि बसला! लूर्दय्यन घाबरला. "काय दिसलं? मासा? मोठा?"

"पट्टी," मामा म्हणाला.

होडी घेतल्या घेतल्या मामाने तिच्या तळाच्या कण्याला टोकापासून पार मागच्या फळीपर्यंत जाड पट्टी डकवली होती, वाळूवर घासून तळ झिजू नये म्हणून. फायबरचे थर देऊन, घासून, स्वतःच्या हाताने. सगळी वाडी बघायला आली होती आणि मामा आठवडाभर ती पट्टी कुरवाळत होता. ती पट्टी मागे जिथे बोथट संपत होती तिथूनच पांढऱ्या बुडबुड्यांचा लोट निघत होता आणि सरळ पंख्यात शिरत होता. पंख्याला निखळ पाणी मिळणार कुठून? त्यात मामा मोटरीची उंची मोजायचा तीही पट्टीच्या खालून, होडीच्या तळापासून नाही. म्हणजे फेसातून सुटावं एवढी खाली घेतली की म्हैस, आणि म्हैस टाळायला वर घेतली की फेस. सगळ्या ठोकळ्यांवर, पाटावर, आजोबांच्या सल्ल्यांवर पाणी.

संध्याकाळी होडी वाळूवर उपडी घातली. मामाने करवत उचलली, ठेवली, होडीभोवती फेरी मारली, परत उचलली. "कापतोस की लग्न लावतोस तिच्याशी?" मामी म्हणाली. मग त्याने मागचा हातभर तुकडा कापला, उरलेलं टोक तिरपं घासलं, आणि होडी सरळ करून मोटर पुन्हा बसवली. या वेळी माप होडीच्या तळापासून: मोटरीला पंख्याच्या वर असते ती आडवी पाती तळाच्या बोटभर खाली. पाट मामीला परत.

शुक्रवारी लूर्दय्यन आला तेव्हा जोसफातची होडी शेजारीच उभी होती, जोसफात चहाचा ग्लास पुढे करून. लूर्दय्यनने चहा प्यायला. मग मामाच्या होडीला खांदा लावला. "शेवटचंऽऽ," म्हणाला.

पहिली लाट. तिघं चढले. मोटर पाण्यात गेली, घुर्रर्र. दुसरी लाट उभी राहिली, होडीचं टोक वर गेलं, इतकं वर की किनाऱ्यावरून तिचा तळ दिसला. मामी डोक्यावरची टोपली धरून थांबली होती. आम्ही सगळे कान टवकारून. घुर्रर्र. घुर्रर्र. टोक पलीकडे पडलं आणि होडी गेलीसुद्धा.

जोसफातने रिकामा ग्लास वाळूत उलटा केला. "मीच सांगितलं होतं, खाली घे."

दुपारी ते कोळंबी घेऊन आले. आता मागच्या टोकाला पट्टी नाही, म्हणून वाळूवर होडी नुसती ओढून चालत नाही. मागून कुणालातरी पाठीवर उचलून धरावी लागते, मोटरीसकट. पियादासन पुढे धरतो. मामा तर एका जागी थांबतच नाही, धरणार काय? राहिला लूर्दय्यन. तो रोज वाकतो, आणि रोज नाकातून तेच म्हणतो, "अळियाऽऽ, मोटर गप्प केलीस, आता माझी पाऽऽठ किंचाळतेय."

"जायचं असेल तर शुक्रवारी सांग," मामा पुढून ओरडतो, आणि ओढायला लागतो.