बायकोच्या ऑफिसात आलेला माझ्यासारखा माणूस

आम्ही जर्मनीत रेगेन्सबर्गला राहत होतो तेव्हा माझं काम असं होतं: एखाद्या कंपनीच्या ऑफिसात जायचं, बिलं तपासणारी आणि ऑर्डरी नोंदवणारी माणसं दिवसभर काय करतात ते त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं, आणि त्यातलं जे सॉफ्टवेअरला शिकवता येईल ते वेगळं काढायचं. त्या सॉफ्टवेअरला आम्ही रोबॉट म्हणायचो. त्याला हातपाय नसतात. माणूस स्क्रीनवर जिथे क्लिक करतो तिथे तोही करतो, फक्त जेवायला उठत नाही. त्या काळात सगळ्याच कंपन्यांना तो हवा होता. मी आलो होतो गाड्यांचा इंजिनीअर म्हणून, पण मला हे काम जमलं. व्यवस्थितपणा माझ्या अंगातच आहे.

माझी एक यादी होती. पहिल्या दिवशी सगळ्यांसाठी बटरब्रेत्झेल, म्हणजे लोणी भरलेले खारे पाव, न्यायचे. नावं आदल्या दिवशी पाठ करायची. माणसाच्या समोर नाही, शेजारी बसायचं. कौतुक करायचं, पण खरं वाटेल एवढंच. ‘नोकरी’ हा शब्द काढायचा नाही, ‘काम’ म्हणायचं. नव्याने लागलेल्यांना मी ही यादी द्यायचो आणि मला तिचा अभिमान होता.

माझी बायको स्पेअर पार्टच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे कामाला होती. ट्रकवाल्यांची भाड्याची बिलं आणि माल पोचल्याचे कागद जुळवायचे, जुळलं नाही तर फोन करायचा. मुलगी मोठी होईपर्यंत ती घरीच होती. मग जर्मन शिकली, परीक्षा दिल्या, आधी तात्पुरती लागली आणि शेवटी कायम झाली. त्या दिवशी तिने सांगलीला आईला फोन करून ‘उनबेफ्रिस्टेट’, म्हणजे बिनमुदतीची, हा शब्द जर्मनमध्येच ऐकवला. आई म्हणाली, “बरं, पण चांगलं आहे ना ते?”

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “आज आमच्याकडे एक माणूस आला होता. फार सज्जन हो. आल्याआल्या सगळ्यांना बटरब्रेत्झेल.”

माझा घास हातातच राहिला.

“माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. माझं नाव पहिल्या फटक्यात नीट म्हणाला. आमच्या साहेबाला अजून येत नाही.”

“आणखी काय म्हणाला?”

“म्हणाला, कंटाळवाणं काम मशीनला देऊ, डोक्याचं काम तुमच्याकडे ठेवू.”

आमची मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, “पापा, दास इस्ट डोख डाइन सात्स.” म्हणजे हे तर तुझंच वाक्य. बाथरूममध्ये मी त्याची तालीम करायचो ती तिने ऐकली होती.

“गेनाऊ, अगदी तेच,” बायको हसली. “तरीच म्हटलं, कुठे ऐकलंय.”

मला हसता आलं नाही. मी ज्यांच्या शेजारी बसत होतो ती माणसंही घरी जाऊन, जेवताना, मला सज्जन म्हणत असतील हे तोवर कधी माझ्या मनातच आलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप आणून माझ्यापुढे ठेवला. “उद्या त्याला माझं सगळं काम दाखवायचंय. तुम्ही यातले आहात, जरा नजर टाका. काही राहायला नको.”

तिने फार सुरेख मांडलं होतं. कुठला ट्रकवाला थांबल्याचे पैसे दोनदा लावतो, कुणाच्या कागदावर तारीख चुकते, कुणाला फोन करून उपयोग नाही, मेलच पाठवावा लागतो. इतकी स्वच्छ मांडणी मला एकाही ग्राहकाकडे मिळाली नव्हती. माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होता: रोबॉट लवकर उभा राहणार.

“सगळं दाखवू नकोस,” मी म्हणालो.

“का?”

“म्हणावं, प्रत्येक केस वेगळी असते. अंदाजाने करावं लागतं.”

तिने चष्मा काढला. “असं म्हणणाऱ्यांची तुम्ही नक्कल करता की. इथल्या लोकांसारखा बायरिश हेल काढून. आम्ही दोघी हसतो.”

ते खरं होतं.

“मला काढतील का, तेवढं सांगा.”

“लगेच नाही काढत. दुसरं काम देतात.”

“तुमच्या लोकांना काय काम दिलं मग?”

“माझे कुठले लोक?”

“ज्यांच्या शेजारी तुम्ही बसता ते.”

मला माहीत नव्हतं. रोबॉट नीट चालू लागला की आमचं शेवटचं बिल जायचं आणि मी पुढच्या कंपनीत जायचो. माझ्या यादीत त्यापुढची ओळच नव्हती. मी तिला तसं सांगितलं. तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती “बरं” म्हणाली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढून राहिलेलं लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला सगळं दाखवलं, काहीही न लपवता. “माझं काम मी अर्धवट का दाखवू?” असं मला वर ऐकवलं. आणि शेवटी तिने त्याला सगळ्यांसमोर विचारलं, की मशीन चालू झाल्यावर आम्ही कुठे असू.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, फार चांगला मुद्दा आहे. चिठ्ठीवर लिहिला आणि भिंतीवर एक वेगळा कागद होता, पार्कप्लात्झ म्हणजे पार्किंग असं लिहिलेला, नंतर बघायच्या मुद्द्यांसाठी, त्यावर लावला. त्याचं काय करतात हो पुढे?”

“फोटो काढतात,” मी म्हणालो.

“आणि?”

“आणि काही नाही.”

पानगळीच्या सुमारास रोबॉट चालू झाला. बायकोला अर्ध्या दिवसाची जागा मिळाली, माल उतरवून घेण्याच्या खिडकीवर. तिच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना ती पण मिळाली नाही. त्यांच्या निरोपाला कॉफी आणि केक होता, घरच्यांनाही बोलावलं होतं. मला जायचं नव्हतं. “त्या मला जर्मन पत्रं तपासून द्यायच्या,” बायको म्हणाली, “तुम्ही येताय.”

मी काय करतो, असं त्या बाईंनी विचारलं. ‘आयटीत आहे’ असं सांगायचं मी ठरवून गेलो होतो. पण बायको माझ्याकडे बघत होती, म्हणून जे होतं ते सांगितलं.

“अच्छा, त्यातले तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि केकचा तुकडा माझ्या बशीत ठेवला. “मग मला एक सांगा. सोमवारी मला आर्बाइट्सआम्टमध्ये जायचंय. नोकरी शोधून देणारे तिथले लोक विचारणार, तुम्हाला काय काय येतं. तुम्ही हेच तर विचारता ना सगळ्यांना? काय सांगू?”

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

“त्या आलेल्या माणसाला जे दाखवलंत तेच सांगा,” मी म्हणालो. “बिलं, कागद, गाडीवाल्यांशी बोलणं.”

“पण ते आता त्याला येतं,” त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, आणि माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

अशा वेळी बायको नेहमी मध्ये पडते, विषय बदलते. त्या दिवशी तिने कॉफीचा थर्मास उचलला आणि ती पलीकडच्या टेबलाकडे निघून गेली.