आपली टेकडी

सर नाशिकला परतल्यापासून कतारमधल्या अल मुंतझा भागातल्या माझ्या पडद्यांच्या दुकानात शुक्रवारची संध्याकाळ सुनी जाते. ते शाळेत इतिहास शिकवायचे आणि माझ्याकडे चहा पिताना इंग्लंडच्या गादीसाठी झालेली हेस्टिंग्जची लढाई पानिपतासारखी सांगायचे. हरलेल्या राजाची फौज म्हणजे ‘आपण’. “आपण टेकडीवर होतो, शेठ. शत्रू पळाल्यासारखा दिसला आणि आपण खाली धावलो. खलास!”

रस्त्यापलीकडे माझ्या जुन्या भागीदाराचं दुकान आहे. माझीच गिऱ्हाइकं फोडून त्याने ते थाटलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकदा तो दारातून ओरडला, “काय शेठ, माशा मारताय?” मी कात्रीसकटच उठलो. हाणामारी झाली असती तर कतारमधून कायमची पाठवणी ठरलेली होती. सरांनी मला खुर्चीत दाबलं. “टेकडी सोडायची नाही!” असं म्हणून ते स्वतःच रस्ता ओलांडून गेले आणि वर्गातल्या आवाजात त्यांनी त्याला असं झापलं, की तो मुकाट्याने आत गेला.

सर धापा टाकत परतले. मी म्हणालो, “सर, तुम्हीच टेकडी सोडलीत की!”

“तुम्ही होतात ना वर,” ते म्हणाले आणि गार झालेला चहा प्यायले.